कॅमेरा तिच्या हातात, कात्री कुणाच्या?

गावातल्या मुलींसाठी फिल्म बनवण्याची कार्यशाळा होणार असं कुठे जाहीर झालं, की वादाची दोन्ही टोकं तयारच असतात. एकीकडे संस्थांची प्रसिद्धिपत्रकं: मुलीच्या हाती कॅमेरा दिला, तिला आवाज मिळाला, ती सक्षम झाली. तेही तीन दिवसांत. दुसरीकडे पारावरची आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची शेरेबाजी: पोरींना नर्सिंगला घाला, एमएससीआयटी करायला लावा, शिवणकाम शिकवा, हे सिनेमाचे चोचले कशाला? एक बाजू कॅमेऱ्याची आरती करते, दुसरी त्याला नावं ठेवते, आणि दोघींचीही नजर यंत्रावरून हलत नाही. माझं म्हणणं असं की या कार्यशाळा हव्यात, आज होतात त्याहून कितीतरी जास्त हव्यात आणि सार्वजनिक पैशातून हव्यात. मात्र त्यांचा कस दोन प्रश्नांवर लागतो. टिपलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय कापायचं हे कोण ठरवतं? आणि तयार झालेली फिल्म पहिल्यांदा कुठे, कुणापुढे लागते?

आधी रोजगाराचा मुद्दा, कारण तो सगळ्यात मोठ्या आवाजात मांडला जातो आणि सगळ्यात कमी विचाराने. कॅमेऱ्याने पोट भरत नाही, हे खरंच आहे. दहा मुलींच्या कार्यशाळेतून एखादी पुढे लग्नाचं शूटिंग करेल, एखादी तालुक्याच्या यूट्यूब वाहिनीला बातम्या देईल, बाकीच्या आठजणी यातून एक रुपया कमावणार नाहीत. पण गावातल्या व्यायामशाळेला, ढोलपथकाला, क्रिकेटच्या टेनिसबॉल स्पर्धेला आपण कधी विचारतो का, की यातून किती पोरांना नोकऱ्या लागल्या? मुलांनी एकत्र जमून काहीतरी करणं ही गावाला स्वतःहून पटणारी गोष्ट असते. मुली जमल्या की मात्र लगेच हिशेबाची वही उघडते. आणि ज्या शिलाई मशीनचा दाखला दिला जातो, त्याचा हिशेब तरी कुणी लावला आहे? जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागातून वर्षानुवर्षं मशीन वाटली जातात. त्यातली किती आज चालतात आणि किती घरात कपडे ठेवायच्या टेबलाचं काम करतात, हे ज्याच्या त्याच्या गावात ज्याने त्याने बघावं. नर्सिंग आणि संगणक हवेतच. ते देऊ नका असं कुणी म्हटलेलं नाही.

यामागे एक जुनी भीती आहे, फक्त तिची यंत्रं बदलत आली. एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळांना विरोध करणारे म्हणत की बायका लिहायला शिकल्या तर परपुरुषांना पत्रं लिहितील. वाचण्यापेक्षा त्यांना लिहिण्याची धास्ती अधिक होती, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती रास्तच होती. आज पत्राच्या जागी मोबाईल आला आहे. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज या गावाने २०१६ मध्ये अविवाहित मुलींच्या मोबाईल वापरावर बंदी घातली. अविवाहित मुलांवर नाही. उघड बंदी घालणारी गावं थोडी असतील, पण न बोलता घातलेली बंदी आकड्यांत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी तरी वापरलं आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. तेव्हा ‘आता काय, प्रत्येकीच्या हातात कॅमेरा आहेच’ हे वाक्य फेकण्याआधी ते कुठल्या घरातून फेकतो आहोत हे पाहिलेलं बरं.

मुक्ता साळवेचं उदाहरण मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या, मातंग समाजातल्या या कोवळ्या वयाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद आमचेच असं ब्राह्मण म्हणत असतील, तर आम्हांला धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत का, असा थेट सवाल त्या मुलीने केला होता. आपण तिच्या धिटाईचं कौतुक करून थांबतो. पण मुळाक्षरं गिरवणाऱ्या मुली आणखीही होत्या. मुक्ताचं नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण तिला तिच्या मनातलं लिहू दिलं गेलं, त्यातली धार कुणी बोथट केली नाही, आणि ते छापणारं नियतकालिक मिळालं. ती साखळी कुठेही तुटली असती तर ती शाळेतली एक हुशार मुलगी म्हणून विस्मरणात गेली असती. कॅमेरा शिकवणाऱ्या संस्था या साखळीतली पहिली कडी दाखवून पूर्ण साखळीचं श्रेय घेतात, आणि त्यांचे टीकाकारही पहिल्या कडीवरच भांडत बसतात.

‘पोरी रील्स बनवतातच की’ हा त्यातल्या त्यात ताजा आक्षेप. त्यात तथ्य आहे. वाडीवस्तीवरच्या अनेक मुली आणि बायका मोबाईलसमोर नाचतात, स्वयंपाक करतात, शेतातली कामं दाखवतात, आणि काहीजणी त्यावर चार पैसेही मिळवतात. त्याला नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण कॅमेऱ्यासमोर येणं आणि कॅमेऱ्यामागे उभं राहणं यांत जुनं अंतर आहे. १९१३ मध्ये फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण बाई मिळाली नाही. काही महिन्यांतच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई फाळक्यांच्याच पुढच्या चित्रपटात पडद्यावर आल्या. समोर यायला बाईला एवढाच वेळ लागला. बोलपटाच्या आधी भारतात चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री, फातमा बेगम, मात्र १९२६ मध्ये दिसते. आणि फाळक्यांच्या घरात फिल्मच्या पट्टीला भोकं पाडण्यापासून रसायनं मिसळण्यापर्यंत राबणाऱ्या, वर सगळ्या मंडळींचं जेवणखाण सांभाळणाऱ्या सरस्वतीबाईंचं नाव अजूनही बहुतेकांना आठवून सांगावं लागतं. रीलमध्ये मुलगी स्वतःला दाखवते; बघणारा अनोळखी असतो आणि काय चालेल हे यंत्राचं गणित ठरवतं. कार्यशाळेत ती दुसऱ्याकडे बघते आणि त्याला प्रश्न विचारते. तो दुसरा तिचा चुलता असतो, रेशन दुकानदार असतो, ग्रामसेवक असतो.

हे ‘बघणं’ गावात किती दुर्मीळ आहे, ते गावाबाहेरच्यांना कळत नाही. पंधरा ते वीस वयाच्या मुलीला गावात उभं राहायला जागा नसते. शाळा, घर, शेत, पाणी आणायची वाट, देऊळ. प्रत्येक ठिकाणी काम असेल तेवढाच वेळ. पार, टपरी, बसथांबा, ग्रामपंचायतीचा कट्टा मुलांचा. तिथे विनाकारण दहा मिनिटं थांबणारी मुलगी संध्याकाळपर्यंत चर्चेचा विषय होते. अशा मुलीच्या खांद्यावर तिपाई आली की तिच्या चालण्याला कारण मिळतं. ‘शूटिंगला चाललेय’ एवढं म्हणून ती एसटीच्या वाहतूक नियंत्रकाला विचारू शकते की अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट मिळतो, पण साडेपाचची गाडी आठवड्यातून तीनदा येतच नाही, त्याचं काय? एरवी हाच प्रश्न तिने विचारला असता तर उत्तर मिळालं असतं, ‘तुझ्या वडलांना पाठव.’ कार्यशाळेची खरी कमाई मला ही वाटते. ‘आत्मविश्वास वाढला’ असं अहवालात लिहितात, तो शब्द मला पुचाट वाटतो. मुलींचा आत्मविश्वास कमी नसतोच. त्यांना विचारायची सोय नसते.

पण मग ही सोय टिकते कशी? इथे दोन ठिकाणांकडे बघायला हवं. पहिलं अहमदाबाद. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये उभ्या केलेल्या, स्वयंरोजगारी कष्टकरी बायकांच्या ‘सेवा’ संघटनेत १९८४ साली न्यूयॉर्कहून मार्था स्टुअर्ट आल्या आणि सुमारे वीस बायकांना तीन आठवडे व्हिडिओचं शिक्षण दिलं. त्यांतल्या अनेकींना लिहितावाचता येत नव्हतं. भाजी विकणाऱ्या बायकाही त्यांत होत्या. त्यांनी माणेकचौकातल्या भाजीवाल्यांच्या जागेच्या प्रश्नावर टेप तयार केली, आणि ‘व्हिडिओ सेवा’ हे संघटनेचं कायमचं अंग झालं. दुसरं ठिकाण आपल्याला जवळचं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जहीराबादजवळचं पस्तापूर. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी-शेतमजूर बायकांनी २००१ मध्ये स्वतःचा माध्यम न्यास उभा केला आणि पुढे वरंगळमध्ये बीटी कापसाच्या पहिल्या हंगामात शेतकऱ्यांमागे फिरून फिल्म केली. त्यांनी शॉटला दिलेली नावं ऐकण्यासारखी आहेत. वरून खाली बघणारा तो पटेलाचा शॉट, जमीनदार बघतो तसा. खालून वर बघणारा वेठबिगाराचा. आणि समोरच्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेला ‘संघम शॉट’; संघम म्हणजे त्यांचा गावातला गट. आपल्या बैठकीत सगळ्याजणी जमिनीवर बसतात तसा. चित्रपटशिक्षणाची जाडजूड पुस्तकं कोनाबद्दल जे सांगतात, ते या बायकांनी आयुष्यातून उचललं होतं.

आता या दोन्ही उदाहरणांतला अडचणीचा भाग. संस्थांच्या सादरीकरणात तो येत नाही. अहमदाबादला कॅमेऱ्यामागे कामगार संघटना होती आणि पस्तापूरला वर्षानुवर्षं चालणारे बायकांचे संघम. कॅमेरा आला तेव्हा बायका आधीच एकत्र होत्या. भांडायची, वाटाघाटी करायची, एकमेकींच्या घरी जाऊन उभं राहायची त्यांना सवय होती. सतरा वर्षांच्या मुलीला असं काय आहे? बचतगट आईचा असतो. शाळा सुटलेली असते किंवा सुटणार असते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसतं. तेव्हा ‘आज शिकवली, उद्या सासरी गेली, काय उपयोग?’ असं कुणी विचारलं तर तो प्रश्न झटकून टाकता येत नाही. त्यावर माझं उत्तर एवढंच की हाच युक्तिवाद मुलीच्या दहावीविरुद्धही करता येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या केला गेला आहे. पण त्यातून एक शिस्त नक्की निघते. एकटी-दुकटी हुशार मुलगी निवडून तिला शहरात नेणारी कार्यशाळा गावाच्या काही उपयोगाची नाही. एका गावातल्या आठ-दहाजणी, दोन-तीन वयोगटांतल्या, दरवर्षी धाकट्यांना शिकवणाऱ्या, अशी बांधणी असेल तर एकीचं लग्न झालं म्हणून काम थांबत नाही.

सगळ्यात तगडा आक्षेप मात्र पारावरून येत नाही, तो जाणत्या कार्यकर्त्यांकडून येतो. ते म्हणतात, या कार्यशाळांतून निघणाऱ्या फिल्म मुलींच्या नसतात, देणगीदारांच्या असतात. हे मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. पद्धत बघा. तीन दिवस मुली शूट करतात. पहिल्या दिवशी एकमेकींना नाव-गाव विचारत माईक फिरवतात, लगेच ते पडद्यावर बघतात, हसतात, लाजतात. हा भाग खरोखर सुंदर असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विषय निवडून टिपण होतं, दीड-दोन तासांचा मजकूर गोळा होतो. आणि मग ते मेमरी कार्ड प्रशिक्षकाच्या पिशवीतून पुण्या-मुंबईला जातं. तिथे कुणीतरी सहा मिनिटांची फिल्म कापतं, तिला संगीत लावतं, इंग्रजी उपशीर्षकं देतं. आईने सरपंचाची केलेली नक्कल त्यात राहत नाही, आईचं रडणं राहतं. मुलींना वाटलं होतं की फिल्म न येणाऱ्या एसटीच्या गाडीबद्दल आहे; तयार होते ती त्यांच्या बिचारेपणाबद्दल. कॅमेरा तिच्या हातात होता हे छायाचित्र मात्र अहवालाच्या मुखपृष्ठावर असतं.

यात गमतीचा भाग असा की ज्या स्त्रिया स्वतः पक्क्या पत्रकार झाल्या आहेत त्यांचीही यातून सुटका नाही. ‘खबर लहरिया’ हे २००२ मध्ये चित्रकूटहून निघालेलं ग्रामीण स्त्रियांचं वृत्तपत्र. पुढे त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बातमीदारी सुरू केली. त्यांच्यावर दुसऱ्यांनी केलेला माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम नामांकनांत पोहोचला. देश टाळ्या वाजवत असताना त्यांनी जाहीर निवेदन काढलं: यात दिसतो तो आमच्या कामाचा एक तुकडा आहे, आम्ही जणू एकाच पक्षाच्या मागावर असतो असं चित्र त्यातून उभं राहतं आणि ते खरं नाही. माहितीपट करणाऱ्यांची बाजूही असणारच, आणि कलाकृती म्हणून तो चांगला नाही असं माझं म्हणणं नाही. पण स्वतःची वाहिनी असलेल्या बायकांना निवेदन काढावं लागतं, तर दहावी नापास झालेल्या, हाती फोनही नसलेल्या मुलीने काय काढावं?

तरीही या आक्षेपातून ‘म्हणून कार्यशाळाच नकोत’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा, की संकलन शिकवल्याशिवाय कार्यशाळेला कार्यशाळा म्हणू नये. मोबाईलवर फिल्म कापणं आज अवघड राहिलेलं नाही. अवघड असतं ते प्रशिक्षकाला हात मागे घेणं. तीन दिवस टिपण आणि शून्य दिवस संकलन यापेक्षा एक दिवस टिपण आणि पाच दिवस संकलन परवडलं. कारण खरी वादावादी तिथेच होते. हे वाक्य ठेवायचं का? काकूंनी दारूबद्दल सांगितलं, पण काका बघतील तेव्हा काय? हा शॉट छान आहे म्हणून ठेवायचा की खरा आहे म्हणून? ज्या मुलींना घरात भाजी कुठली करायची हेही विचारलं जात नाही, त्या चार तास बसून ‘हे जाईल, हे राहील’ ठरवतात. त्यांची फिल्म ओबडधोबड होईल, आवाज मध्येच वाऱ्याने फरफरेल. होऊ द्या. (आवाजाचं एक मात्र आधी शिकवा. धूसर चित्र लोक सहन करतात, न ऐकू येणारं बोलणं नाही. कॉलरचा साधा माईक महागड्या लेन्सपेक्षा जास्त काम करतो.)

सुरक्षिततेच्या प्रश्नावर मात्र मी उत्साही मंडळींच्या विरुद्ध बाजूला आहे. बालविवाहावर फिल्म करणारी मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत राहते. प्रशिक्षक निघून जातो, तिचं घर राहतं. शिवाय लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने मनाई आहे. नाव, चेहरा, शाळा, शेजार, काहीच नाही. हे माहीत नसलेल्या प्रशिक्षकाने मुलींना ‘तुमच्या गावातलं सत्य दाखवा’ असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. आणि एकट्या स्त्रीने सत्य दाखवलं की काय होतं याचा दाखला आपल्याकडे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांना जोतिरावांनी ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकात उत्तर दिलं, तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि पहिलंही इतकं विसरलं गेलं की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांना ते नव्याने समोर आणावं लागलं. मराठीतली एवढी धारदार लेखणी एका पुस्तकानंतर गप्प होते, याचा दोष तिच्या धैर्याला देता येईल का? तिच्या पाठीशी पुरेशी माणसं नव्हती. म्हणूनच पहिल्या वर्षी मुलींनी बालविवाहावर फिल्म करावी असा आग्रह मी धरणार नाही. गाडीवर करावी, शाळेतल्या बंद स्वच्छतागृहावर करावी, नळाला येणाऱ्या गढूळ पाण्यावर करावी. त्यात गाव त्यांच्या बाजूने उभं राहण्याची शक्यता असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी विषय त्या स्वतः निवडतील, आणि तो कदाचित आपल्याला झेपणार नाही असा असेल.

राहिला पडदा. १९६७ मध्ये कॅनडातल्या फोगो बेटावर कोलिन लो या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. सरकार तिथल्या कोळ्यांना बेटावरून हलवायच्या विचारात होतं. त्याने त्यांच्या बोलण्याच्या छोट्या छोट्या फिल्म केल्या आणि त्या आधी बेटावरच दाखवल्या. आम्हांला चालेल असं बोलणाऱ्याने म्हटल्याशिवाय काही बाहेर गेलं नाही. मग मंत्र्यांना दाखवल्या, मंत्र्यांचं उत्तर टिपलं आणि ते बेटावर आणून लावलं. बेटावरच्या लोकांना कळलं की शेजारच्या वाडीतले लोकही तेच म्हणताहेत. त्यांनी सहकारी संस्था काढली आणि ते बेटावरच राहिले. तिथे कॅमेरा व्यावसायिक माणसाच्या हातात होता, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. तरीही लोकांचं वजन वाढलं, कारण नकाराधिकार त्यांचा होता आणि पहिला प्रेक्षकही तेच होते. याउलट आपल्याकडच्या कितीतरी फिल्म शहरातल्या महोत्सवात लागतात, परदेशी जातात, आणि ज्या चावडीवर चित्रित झाल्या तिथे कधीच लागत नाहीत.

महाराष्ट्रात यासाठी नवी योजना काढायची गरज नाही. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती बहुतेक ठिकाणी सह्यांच्या कागदावर होते, कारण तिथे बोलायला विषयच ठेवलेला नसतो. मुलींची पाच-सहा मिनिटांची फिल्म हा तो विषय होऊ शकतो. ती तिथे लावावी, चर्चा व्हावी, ठराव व्हावा आणि तो फिल्मसकट मुख्य ग्रामसभेत जावा. पंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, म्हणजे अनेक ठिकाणी समोर सरपंचबाईच असतील. त्यांच्या वतीने नवरा उत्तर द्यायला उठला तर तेही टिपून ठेवावं. पैशाचं म्हणाल तर स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचं बंधन ग्रामपंचायतीवर आहेच. लहान पंचायतीत ती रक्कम फार नसते, पण एक बऱ्यापैकी मोबाईल, तिपाई आणि दोन माईक यांना पुरते. पडदा म्हणून शाळेची भिंत आहे.

एक गोष्ट ठराव करतानाच लिहून घ्यावी, नाहीतर सगळं तिथेच अडेल. हे साहित्य ग्रामपंचायतीच्या कपाटात जाऊ नये. कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे असते आणि ग्रामसेवक तालुक्याला असतो. ते गावच्या वाचनालयात, नसेल तर शाळेत किंवा अंगणवाडीत, मुलींच्या गटाच्या नावाने नोंदवावं. पुस्तकासारखी नोंद करून कुठल्याही मुलीला ते नेता यावं, आणि नेताना कशासाठी हवं हे तिला कुणी विचारू नये.